मूतखड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन : ते किती चालतं, कुणाला चालतं आणि नंतर काय विसरायचं नसतं



आपल्या भागात सोनोग्राफीचा कागद पुष्कळदा दवाखान्यातून थेट शाळेत येतो. पालक खिशातून घडी घातलेला कागद काढतात आणि म्हणतात, "गुरुजी, काय लिवलंय ते बघा जरा." कागदावर इंग्रजीत दोनच ओळी असतात : 'लेफ्ट रीनल कॅल्क्युलस, १४ एमएम. माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस.' वाचायला आपल्याला येतं. अर्थ सांगायला मात्र थोडा अभ्यास लागतो. त्यातच डॉक्टरांनी 'दुर्बिणीतून काढावा लागेल' असं सांगितलेलं असतं आणि गावातल्या कुणीतरी 'ऑपरेशन केलं की किडनी जाते' असं. पालक या दोघांच्या मध्ये उभे असतात.

मी डॉक्टर नाही. कुणाला कोणता उपचार करायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डॉक्टर काय म्हणतात ते समजलं तर माणूस घाबरून घरी बसत नाही. म्हणून हा लेख. जामसर, जव्हार, मोखाडा परिसरातल्या शिक्षक मित्रांनी तो वाचावा आणि पालकांना आपल्या भाषेत सांगावा.

आधी खडा म्हणजे काय ते पाहू

आपल्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडं असतात. प्रत्येक साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब, आकार राजम्याच्या दाण्यासारखा. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. बाहेर पडते ती दीड-दोन लीटर लघवी. ती मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी नावाच्या नळीने मूत्राशयात उतरते. ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, पण आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. त्यातही ती तीन ठिकाणी आणखी अरुंद होते : मूत्रपिंडातून निघताना, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवरून जाताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा अडकतो तो बहुधा या तीन जागांपैकी एका जागी.

वर्गात एक साधा प्रयोग करून बघा. वाटीभर कोमट पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घाला आणि वाटी खिडकीत ठेवा. चार-पाच दिवसांत पाणी आटतं आणि काठाला मिठाचे चौकोनी स्फटिक दिसू लागतात. मीठ आपण वाढवलं नाही, फक्त पाणी कमी झालं. मूतखड्याचं मूळ इथेच आहे. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल असे क्षार असतातच. पाणी कमी पडलं की ते एकमेकांना धरून बसतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक आम्लाचे, काही जंतुसंसर्गामुळे तयार होणारे.

आता कागदावरचा दुसरा शब्द. हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे खड्याने वाट अडवली, लघवी मागे तुंबली आणि मूत्रपिंड फुगलं. खाचराचं तोंड बुजलं की पाणी बांधापर्यंत चढतं, तसं. 'माइल्ड' म्हणजे सौम्य. काही दिवस तुंबून राहिलं तर मूत्रपिंड सावरतं. महिनोन् महिने तसंच राहिलं तर त्याचं काम हळूहळू बंद पडतं. यात एक फसवी गोष्ट आहे, ती नीट लक्षात घ्या. खडा अडकतो तेव्हा कळ भयंकर येते, माणूस जमिनीवर लोळतो. पण पुढे कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असं नाही. अडलेल्या मूत्रपिंडात लघवी तयार होणं कमी झालं तरी दुखणं थांबतं. "पाला घेतला, आता दुखत नाही" असं सांगणाऱ्या माणसाला म्हणूनच पुन्हा एकदा सोनोग्राफी करायला लावावी. पाला घेतला म्हणून त्याला रागावू नये. सोनोग्राफी तेवढी करायला सांगावी.

सगळ्या खड्यांना ऑपरेशन लागत नाही

हे आधीच सांगितलेलं बरं. मूत्रवाहिनीतला ४-५ मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपैकी साधारण निम्मे पडतात. त्यासाठी डॉक्टर नळी सैल करणारं औषध देतात आणि चार-सहा आठवडे वाट पाहतात. १० मिलिमीटरच्या वर गेलेला खडा क्वचितच स्वतःहून उतरतो. आपल्या उदाहरणातला १४ मिलिमीटरचा खडा पट्टीवर मोजून मुलांना दाखवा आणि शेजारी ३ मिलिमीटरची रेघ ओढा. तो का पडणार नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कुळथाच्या कढणाबद्दल हमखास विचारतात. कढण प्यावं, त्याने पोटात पाणी जातं, ते चांगलंच. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार झालेला खडा कढणाने किंवा पानांच्या रसाने विरघळत नाही. औषधाने विरघळू शकतो तो मुख्यतः युरिक आम्लाचा खडा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली लघवीचा आम्लपणा कमी करून. आणि बिअर पिऊन खडा पडतो म्हणणाऱ्यांना हात जोडावेत. दारूने लघवी तात्पुरती वाढते, नंतर शरीर जास्तच कोरडं पडतं.

वाट पाहणं कधी चालत नाही? थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्यांमुळे पाणीसुद्धा पोटात राहत नाही, रुग्णाला एकच मूत्रपिंड आहे किंवा बाई गरोदर आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताप आणि अडलेला खडा एकत्र असणं जीवघेणं ठरू शकतं. अशा वेळी डॉक्टर खड्याला लगेच हात लावत नाहीत. आधी नळी घालून तुंबलेली, पू झालेली लघवी बाहेर काढतात, जंतुसंसर्ग आवरतात आणि खडा नंतर काढतात. नातेवाइकांना वाटतं, "ऑपरेशन केलं पण खडा तसाच ठेवला." तो फसवण्याचा प्रकार नसतो. जीव वाचवण्याचा क्रम तसाच असतो.

चाकूपासून दुर्बिणीपर्यंत

मूतखडा माणसाला फार जुना. सुश्रुतसंहितेत त्याला अश्मरी म्हटलं आहे आणि मूत्राशयातला खडा शस्त्राने काढण्याची रीत तिथे वर्णिली आहे. जिवाला धोका आहे हेही तिथे सांगून ठेवलेलं आहे. एक गंमत सांगतो, गंमत कसली, अंगावर काटाच येतो. लखनौला क्लॉड मार्टिन नावाचा फ्रेंच माणूस राहत होता. १७८२ च्या सुमारास त्याने आपल्याच मूत्रमार्गातून बारीक तार आत घालून मूत्राशयातला खडा महिनोन् महिने रोज थोडा थोडा कानशीने घासावा तसा घासला आणि बरा झाला! त्वचा न कापता, शरीराच्या नैसर्गिक वाटेने आत जायचं आणि खड्याचा भुगा करायचा, ही आजच्या दुर्बिणीचीच कल्पना. फक्त त्याला आत काही दिसत नव्हतं.

आत दिसावं कसं, हाच मोठा प्रश्न होता. जर्मनीच्या फिलिप बोत्सिनीने १८०६ च्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडावर चालणारं यंत्र केलं. माक्स निट्झेने १८७७ ते १८७९ या काळात मूत्राशय पाहण्याची खरी उपयोगी दुर्बीण तयार केली. पण ती सरळ आणि ताठ. वाकणाऱ्या वाटेने उजेड आणि चित्र न्यायचं तर काचेचे केसासारखे तंतू हवेत. १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांनी अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं. कपानी पंजाबातल्या मोग्याचे. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. विज्ञान दिनाच्या भाषणात मुलांना हे नाव जरूर सांगा.

तोवर मूत्रपिंडातला खडा काढायचा म्हणजे बरगडीखाली वीतभर छेद, स्नायू कापलेले, आठ-दहा दिवस खाट आणि पुढे दीड-दोन महिने जड काम बंद. आवणीच्या दिवसांत घरातला एक माणूस दोन महिने बसला तर त्या घराचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. लोकांच्या मनातली ऑपरेशनची भीती त्या काळातली आहे. ती खोटी नाही, जुनी आहे.

आज तीन वाटा आहेत

पहिली वाट बाहेरून. रुग्णाला यंत्रावर झोपवून बाहेरून धक्का-लहरी खड्यावर रोखतात, खडा फुटतो आणि त्याचा चुरा लघवीतून पडतो. यात दुर्बीण शरीरात जात नाही. विमानं बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीच्या संशोधनातून ही युक्ती निघाली. पहिल्या रुग्णावर ती ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये वापरली गेली. लहान, फार कठीण नसलेल्या खड्यांना चांगली. पण चुरा पडायची वाट रुग्णाच्या शरीरानेच काढायची असते. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात खडा असेल तर फुटलेले तुकडे वर चढून बाहेर येणं अवघड. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खालच्या कप्प्यातले खडे तीन महिन्यांनी पूर्ण साफ झालेले रुग्ण धक्का-लहरींच्या गटात ३७ टक्के होते, तर पाठीतून दुर्बीण घातलेल्या गटात ९५ टक्के. जागा बदलली की निकाल किती बदलतो ते बघा.

दुसरी वाट खालून, लघवीच्याच मार्गाने. कुठेही छेद नाही, टाका नाही. भूल देऊन बारीक दुर्बीण मूत्रमार्गातून मूत्राशयात आणि तिथून मूत्रवाहिनीत सरकवतात. मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी बहुधा ताठ दुर्बीण चालते. याला दवाखान्यात 'यूआरएस' म्हणतात. मूत्रपिंडाच्या आत शिरायचं असेल तर लवचीक दुर्बीण लागते, ते 'आरआयआरएस'. ही दुर्बीण साधारण ३ मिलिमीटर जाड असते आणि तिचं टोक मागे वळून कप्प्याकप्प्यांत डोकावू शकतं. तिच्या पोटातून केसासारखा तंतू जातो आणि त्या तंतूतून लेसर. होल्मियम नावाच्या मूलद्रव्यापासून मिळणारा हा लेसर कठीणातला कठीण खडासुद्धा भुगा करतो. मोठे तुकडे बारीक जाळीच्या टोपलीत धरून बाहेर काढतात.

तिसरी वाट पाठीतून, 'पीसीएनएल'. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या आधारे पाठीतून सुई थेट मूत्रपिंडातल्या कप्प्यात नेतात, त्या वाटेने एक नळी बसवतात आणि नळीतून दुर्बीण घालून खडा फोडून काढतात. छेद साधारण एक सेंटिमीटरचा. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी या पद्धतीने खडा काढलेल्या तीन रुग्णांची माहिती छापली, तिथून ही वाट रुंदावत गेली. खरं तर अरुंद होत गेली म्हणायला हवं! कारण छेद दिवसेंदिवस लहान होत आहे. 'मिनी' प्रकारात तो अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास येतो. यात आपल्या शेजाऱ्यांचा मोठा वाटा आहे. मुंबईहून अहमदाबादला जाणाऱ्या रेल्वेवर गुजरातमध्ये नडियाद लागतं. तिथल्या मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलच्या डॉ. महेश देसाई, डॉ. रवींद्र सबनीस आणि सहकाऱ्यांनी जर्मन सहकाऱ्यांसोबत २०११ साली 'मायक्रोपर्क' पद्धत मांडली. तिची सुई दीड मिलिमीटरपेक्षा किंचित जाड, आणि तिच्या आतूनच दिसतं. म्हणजे सुई हीच दुर्बीण!

मग गुण किती येतो?

इथे थोडं थांबू, कारण जाहिरातीत 'शंभर टक्के खात्री' असं लिहिलेलं असतं आणि पारावर 'काही उपयोग नाही' असं ऐकू येतं. दोन्ही खरं नाही.

यशाचं माप एकच : ऑपरेशननंतर तपासणी केली तेव्हा आत खडा किंवा मोठा तुकडा उरला नाही. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातला खडा दुर्बिणीने काढताना हे यश ९० टक्क्यांच्या वर जातं. वरच्या भागात ते काहीसं कमी, साधारण ८० टक्क्यांच्या घरात. अनेक देशांत मिळून ११,८८५ रुग्णांची एक मोठी नोंद झाली होती. त्यात मूत्रवाहिनीच्या दुर्बिणीने खडामुक्त झालेले रुग्ण ८५.६ टक्के होते आणि ऑपरेशननंतर काही त्रास झालेले ३.५ टक्के. पाठीतून केलेल्या ऑपरेशनच्या जगभरातल्या ९६ केंद्रांमधल्या नोंदीत ५,८०३ रुग्ण होते. त्यात ७५.७ टक्के खडामुक्त झाले, १०.५ टक्क्यांना ताप आला आणि ५.७ टक्क्यांना रक्त द्यावं लागलं.

हा दुसरा आकडा कमी पाहून पाठीतली वाट वाईट असं ठरवू नका. वर्गात आपण हेच करतो ना, एकाला सोपी गणितं, दुसऱ्याला अवघड, आणि गुणांची तुलना मात्र थेट! पाठीतून जे खडे काढतात ते मुळातच मोठे, कधी मूत्रपिंडाच्या सगळ्या कप्प्यांत सांबरशिंगासारखे पसरलेले. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी आजही हीच वाट आधी विचारात घेतात, कारण तेवढा खडा खालून लवचीक दुर्बिणीने काढायचा तर दोन-तीनदा भूल घ्यावी लागू शकते.

सारख्या खड्यांची तुलना करायची असेल तर नडियादचाच एक अभ्यास पाहा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दीड सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांचे ७० रुग्ण होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला पाठीतून मायक्रोपर्क, दुसऱ्याला खालून लवचीक दुर्बीण. खडामुक्ती पहिल्यात ९७ टक्के, दुसऱ्यात ९४. म्हणजे जवळजवळ सारखीच. फरक दुसरीकडे होता. पाठीतल्या गटात दुखणं आणि रक्त जाणं थोडं जास्त, तर खालच्या गटात आतमध्ये नळी ठेवावी लागण्याचं प्रमाण जास्त.

तेव्हा डॉक्टरांना "कोणतं ऑपरेशन भारी?" असं विचारून उपयोग नाही. खडा किती मिलिमीटरचा, नेमका कुठे, किती कठीण, आणि एका वेळेत पूर्ण निघण्याची शक्यता किती, हे विचारावं. कठीणपणा सीटी स्कॅनमध्ये कळतो. आणि ऑपरेशनपूर्वी लघवीची जंतुतपासणी झाली का, हेही विचारावं. जंतू आत असताना दुर्बीण घातली तर ते रक्तात पसरू शकतात. त्या तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस वाया जात नाहीत.

आतली नळी : सगळ्यात महत्त्वाचं

हा लेख घाईत वाचत असाल तर एवढा भाग तरी सावकाश वाचा.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर अनेकदा मूत्रवाहिनीत एक मऊ नळी ठेवतात. तिला 'डीजे स्टेंट' म्हणतात. दोन्ही टोकांना ती वेटोळं घालून बसते, एक टोक मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात, म्हणजे जागची हलत नाही. सूज आली तरी लघवीची वाट चालू राहावी आणि चुरा उतरावा, यासाठी ती असते. बाहेरून काहीही दिसत नाही. नळी आत असेपर्यंत वारंवार लघवीला होणं, लघवी करताना कमरेत कळ येणं, कधी लघवी लालसर होणं असा त्रास होऊ शकतो. पुष्कळांना काही दिवसांनी सवय होते. आणि सवय झाली की माणूस ती विसरतो.

ही नळी कायमची नसते. बहुतेक वेळा दोन ते सहा आठवड्यांत ती काढायची असते. दुर्बिणीने मूत्रमार्गातूनच ती ओढून घेतात, काही मिनिटांचं काम. पण ती तशीच राहिली तर जो खडा काढायला आपण गेलो, तोच त्या नळीभोवती जमू लागतो. काही महिन्यांत नळीवर क्षारांचे थर चढतात. वर्ष-दीड वर्ष गेलं तर ती तुटू शकते, लघवी अडते, जंतुसंसर्ग होतो आणि चांगलं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मग एका नळीसाठी दोन-तीन ऑपरेशनं.

आता आपल्याकडचं वर्षाचं चक्र डोळ्यांसमोर आणा. भात कापून झालं, दिवाळी झाली की निम्मा पाडा जगायला बाहेर पडतो. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. दिवाळीआधी ऑपरेशन झालेल्या माणसाची नळी काढायची तारीख नेमकी तो भट्टीवर असताना येते. तो शिमग्याला येतो, पुन्हा जातो. डिस्चार्जचा कागद पाड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत राहतो. दुखत तर काही नाही! आणि ऑपरेशनला 'यशस्वी' म्हणून लागलेला शिक्का इथे पुसला जातो. चूक दुर्बिणीची नसते, त्या माणसाचीही पूर्ण नसते. 'आत नळी आहे आणि ती अमुक तारखेला काढायची आहे' हे वाक्य त्याला त्याच्या भाषेत, दोनदा, कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे काम आपण करू शकतो. पालकाने डिस्चार्जचा कागद दाखवला तर त्यात 'डीजे स्टेंट' किंवा 'डीजेएस' हे शब्द शोधा. सापडले तर काढायची तारीख विचारा आणि मोठ्या मराठी अंकांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. मोबाइलमध्ये गजर लावून द्या. चौथी-पाचवीतलं पोर घरात असेल तर त्यालाच जबाबदारी द्या, पोरं तारखा विसरत नाहीत. नळी काढल्यावर ती काढल्याची नोंद कागदावर करून घ्यायला सांगा. भट्टीवर जाणं टळणारच नसेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. तारीख अलीकडे आणता येते का, किंवा भट्टीजवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात नळी काढून मिळेल, हे तेच सांगू शकतात.

जायचं कुठे आणि पैसे?

पहिली पायरी जामसरचं प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी मूत्रविकारांचे तज्ज्ञ लागतात, त्यासाठी नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत हा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूतखड्याच्या ऑपरेशनांचा समावेश आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली हीच ती योजना. रेशनकार्ड, आधार कार्ड आणि आधीचे रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात गेलं की तिथे 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला आधी भेटायचं. पैसे भरण्याआधी, नंतर नव्हे. आणि नळी काढण्यासाठी परत यावं लागेल तेव्हा खर्च कसा, हेही त्याच भेटीत विचारून घ्यायचं. एसटीच्या भाड्यापाशी आणि बुडणाऱ्या रोजापाशी मात्र बरेच जण अडतात.

खडा परत होतो का?

होतो. दुर्बीण खडा काढते, खडा होण्याची सवय काढत नाही. काही काळजी न घेतल्यास पाच-दहा वर्षांत साधारण निम्म्या लोकांना पुन्हा होतो. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय पाणी. इटलीतल्या एका अभ्यासात पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ लोकांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं. एका गटाने दिवसाला दोन लीटरपेक्षा जास्त लघवी होईल इतकं पाणी प्यायलं, दुसऱ्याने नेहमीसारखं. पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यांत २७ टक्क्यांना.

'भरपूर पाणी प्या' हे सांगायला सोपं. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या याच डोंगरात उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, त्यांना काय सांगायचं? आणि भट्टीच्या धगीत उभ्या असलेल्या माणसाला दोन लीटर लघवी व्हायला चार-पाच लीटर पाणीही कमी पडेल. तिथे ग्लास मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघायला शिकवावं. भाताच्या पेजेच्या निवळीसारखी फिकट असेल तर ठीक, हळदीसारखी पिवळी असेल तर पाणी कमी पडलंय. बायका आणि मोठ्या मुली आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह चालू असणं हा म्हणूनच मूतखड्याच्या धड्याचाही भाग आहे. 'पाणी जड आहे, खडा होईल' म्हणून कमी पिणाऱ्यांनाही समजवा. जड पाण्यापेक्षा कमी पाणी जास्त घात करतं.

खाण्याबद्दल अफवा फार. टोमॅटोच्या बियांचा खडा होत नाही. दूध-ताक बंद केल्याने खडा टळत नाही, उलट होऊ शकतं. इटलीतल्याच दुसऱ्या अभ्यासात, पुन्हा पुन्हा खडा होणाऱ्या १२० पुरुषांपैकी कॅल्शियम कमी केलेल्यांत पाच वर्षांत ३८ टक्क्यांना परत खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्यांत २० टक्क्यांना. कारण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. तेव्हा सुकट, खारं आणि वरून घेतलेलं मीठ कमी करायला सांगावं, ताक नाही. नाचणीची भाकर बंद करण्याआधीही डॉक्टरांना विचारावं.

आणि एक. ऑपरेशनमध्ये निघालेला खडा रुग्णाला दाखवतात, कधी छोट्या डबीत घालून देतात. लोक तो घरी आणून शेजाऱ्यांना दाखवतात आणि फेकून देतात. तो फेकू नये, दवाखान्यात तपासायला द्यावा. तो कशाचा बनला आहे हे कळलं की पुढे काय खायचं आणि कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टरांना नेमकं सांगता येतं. आपोआप पडणारा खडाही मिळवता येतो, लघवी पातळ फडक्यातून किंवा चहाच्या जुन्या गाळणीतून गाळली की झालं. गाळणी मात्र परत चहाला वापरू नका, बरं का!